वळणाचे गणित : वक्र गुळगुळीत केव्हा ठरतो?

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेने तीन बाजूंनी वेढलेल्या डोंगराळ मुलखात माहूर वसले आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेले रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर आणि अनसूया शिखर ही तिन्ही स्थाने डोंगरमाथ्यांवर आहेत. गावातून निघालेला रस्ता जंगलातून वळसे घेत घाट चढतो आणि रेणुकामातेच्या दर्शनासाठी शेवटचा टप्पा पायऱ्यांनी चढावा लागतो. वळण आणि पायरी ही चढ चढण्याची दोन रूपे होत. पायरीवर दिशा एका क्षणात काटकोनात बदलते, वळणावर ती हळूहळू बदलते. पहिलीला कोणी गुळगुळीत म्हणत नाही, दुसऱ्याला सहज म्हणतात. परंतु 'हळूहळू' म्हणजे नेमके किती हळू, या प्रश्नाचे काटेकोर उत्तर देण्यासाठी गणिताला एकोणिसाव्या शतकापर्यंत वाटचाल करावी लागली. घाटातील एसटीतल्या प्रवाशांची सुरक्षितताही याच उत्तरावर अवलंबून असते.

शब्दांचे अर्थ

व्यवहारात 'गुळगुळीत' हा शब्द प्रथम स्पर्शाचा आहे. नदीतला गोटा गुळगुळीत असतो, घोटलेली फरशी गुळगुळीत असते. रेषेविषयी बोलताना मराठी माणूस वेगळे शब्द वापरतो. अक्षर वळणदार असते, रस्ता नागमोडी असतो, मूर्तीची घडण सुबक असते. 'वक्र' या शब्दाला तर बोलण्यात वाकडेपणाची, प्रसंगी अशुभाचीही छटा आहे; वक्रदृष्टी कोणालाच नको असते. गणितात मात्र वक्र म्हणजे एखाद्या बिंदूच्या प्रवासाने उमटणारी कोणतीही रेषा. सरळ रेषा हाही एक वक्रच. तिची वक्रता शून्य असते, एवढेच.

गणितातील गुळगुळीतपणाचा स्पर्शाशी संबंध नाही. वक्रावरून पुढे सरकताना कोणती गोष्ट अचानक बदलते आणि कोणती बदलत नाही, याचा तो हिशेब आहे. म्हणूनच गुळगुळीतपणा हा 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच उत्तरांचा गुण नसून त्याच्या प्रती लागतात.

गुळगुळीतपणाच्या प्रती

पहिली प्रत अखंडतेची. रेषा कोठेही तुटता कामा नये. पूल वाहून गेलेला रस्ता या पहिल्याच कसोटीवर नापास होतो. पायऱ्यांची कड मात्र उत्तीर्ण होते, कारण ती कोपरे घेत असली तरी सलग असते.

दुसरी प्रत दिशेची. वक्राच्या एखाद्या बिंदूवर त्याला नुसती टेकून जाणारी सरळ रेषा काढली, तर तिला स्पर्शिका म्हणतात. त्या बिंदूवर वक्राचा रोख कोणीकडे आहे, हे स्पर्शिका सांगते. वक्रावरून पुढे जाताना स्पर्शिका सावकाश फिरत गेली पाहिजे, तिने उडी मारता कामा नये. चौरसाच्या कोपऱ्यावर ती काटकोनात उडी मारते, म्हणून चौरस अखंड असूनही गुळगुळीत नाही. वर्तुळाची स्पर्शिका कोठेही उडी मारत नाही. शालेय वा महाविद्यालयीन पुस्तकांत ज्याला गुळगुळीत वक्र म्हणतात, तो बहुधा या दुसऱ्या प्रतीचा असतो. कलनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अशा वक्राचा पहिला अवकलज अस्तित्वात असतो, तो अखंड असतो आणि कोठेही शून्य होत नाही.

तिसरी प्रत वक्रतेची. रोख किती वेगाने बदलतो आहे, याचे माप म्हणजे वक्रता. वर्तुळाची वक्रता सर्वत्र सारखी असते आणि ती त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. १४ मीटर त्रिज्येच्या वळणाची वक्रता १४० मीटर त्रिज्येच्या वळणाच्या दहापट भरते. आता एक सरळ रेषा घेऊन तिला वर्तुळाचा कंस जोडावा. सांधा इतका नीट जुळवावा की स्पर्शिकेत तसूभरही फरक पडू नये. डोळ्याला हा सांधा निर्दोष दिसतो. तरीही सांध्याच्या एका बाजूला वक्रता शून्य आणि दुसऱ्या बाजूला एकदम काही ठरावीक, म्हणजे वक्रतेने उडी घेतली. दुसऱ्या कसोटीत उत्तीर्ण झालेला हा वक्र तिसरीत नापास होतो.

याप्रमाणे चौथी, पाचवी अशा कितीही प्रती सांगता येतात. ज्या वक्राचे सर्व अवकलज अस्तित्वात असतात, त्याला उच्च गणितात निर्विशेषपणे गुळगुळीत म्हटले जाते. वर्तुळ, अन्वस्त आणि ज्या-वक्र ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

भास्कराचार्यांपासून वायरस्ट्रासपर्यंत

रोख किंवा गती 'या क्षणी' किती, हा प्रश्न भारतीय ज्योतिषगणितात फार पूर्वी विचारला गेला होता. इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यात ग्रहांच्या दैनिक गतीबरोबरच तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या क्षणापुरत्या गतीचा विचार आहे. ज्येमध्ये होणारा सूक्ष्म बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी वापरलेले तत्त्व आजच्या कलनशास्त्रातील एका मूलभूत सूत्राशी जुळते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

युरोपात सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी कलनशास्त्राची उभारणी केली. त्यानंतर दीर्घकाळ गणितींचा असा समज होता की अखंड वक्राला थोडे कोपरे असतील, पण बाकी सर्वत्र तो गुळगुळीतच असणार. १८७२ मध्ये कार्ल वायरस्ट्रास यांनी बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे एक असे फलन मांडले, ज्याचा आलेख पूर्णपणे अखंड आहे, पण एकाही बिंदूवर त्याला स्पर्शिका नाही. या आलेखाचा कोणताही तुकडा कितीही मोठा करून पाहिला तरी तो सरळ होत नाही. दर वेळी नवे कंगोरे दिसतात. १९०४ मध्ये स्वीडनच्या हेल्गे फॉन कोख यांनी अशाच वक्राची सोपी भौमितिक रचना दिली. प्रत्येक रेषेचा मधला तिसरा भाग काढून त्या जागी समभुज त्रिकोणाच्या दोन बाजू बसवायच्या, आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करायची. दर टप्प्याला लांबी चारतृतीयांश पट होते, त्यामुळे अंतिम वक्राची लांबी अमर्याद भरते.

या शोधांनंतर गुळगुळीतपणा गृहीत धरण्याची सोय उरली नाही. तो सिद्ध करावा लागतो, किंवा अट म्हणून आधीच मांडावा लागतो.

घाटातील वळण

गणितातील तिसऱ्या प्रतीचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे कळतो तो रस्त्यावर. वळणावरून जाणाऱ्या वाहनाला वळणाच्या केंद्राकडे त्वरण मिळावे लागते. त्याचे माप वेगाचा वर्ग गुणिले वक्रता इतके असते. सरळ रस्त्याला थेट वर्तुळाकार वळण जोडले, तर सांध्यावर वक्रता उडी घेते आणि त्याबरोबर हे त्वरणही उडी घेते. आत बसलेल्या प्रवाशाला ते धक्क्याच्या रूपाने जाणवते; माणसे एकदम बाहेरच्या बाजूला कलतात.

चालकापुढची अडचण याहून गंभीर असते. असा रस्ता तंतोतंत पाळायचा तर त्याने सांध्यावर एका क्षणात स्टिअरिंग पूर्ण फिरवले पाहिजे, आणि ते अशक्य आहे. प्रत्यक्षात तो वळण आधीच घ्यायला लागतो किंवा उशिरा पुरे करतो. म्हणजे रस्त्याने जो गुळगुळीतपणा दिलेला नाही, तो चालक आपल्या मार्गिकेची हद्द ओलांडून स्वतः मिळवतो. अरुंद घाटात समोरून येणाऱ्या वाहनाशी गाठ पडण्याचे हे एक कारण आहे.

यावरील उपाय म्हणजे संक्रमण वक्र. सरळ रस्ता आणि वर्तुळाकार वळण यांच्यामध्ये असा तुकडा घालतात की ज्याची वक्रता शून्यापासून सुरू होऊन अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. अशा सर्पिलाचा अभ्यास अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी केला होता. पुढे रेल्वे अभियंत्यांना त्याची गरज भासली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत रस्त्यांसाठी याच सर्पिलाची शिफारस आहे. भारतीय रेल्वे त्याच्या जवळ जाणारा, आखणीस सोपा असा घन अन्वस्त वापरते.

घाटातील अगदी उलट फिरणाऱ्या वळणांसाठी, म्हणजे हेअरपिन वळणांसाठी, भारतीय रस्ते काँग्रेसने ताशी २० किलोमीटर हा किमान अभिकल्प वेग, आतल्या बाजूची किमान १४ मीटर त्रिज्या आणि किमान १५ मीटर लांबीचा संक्रमण वक्र अशी मानके दिली आहेत. हे आकडे एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, ते पाहण्यासारखे आहे. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. या वेगाने १४ मीटर त्रिज्येवर लागणारे त्वरण सेकंदवर्गाला सुमारे २.२ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२ टक्के होते. रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवून दहास एक असा उतार दिला, तर त्यातील १० टक्क्यांची सोय होते. उरलेले १२ टक्के टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाने मिळवायचे असतात. अभिकल्पात घर्षणावर १५ टक्क्यांपर्यंतच विसंबण्याची मुभा असल्याने हिशेब जेमतेम बसतो.

संक्रमण वक्राच्या लांबीचेही असेच आहे. त्वरण ज्या गतीने वाढते, ती सेकंदघनाला ०.८ मीटरपेक्षा अधिक असू नये, असा संकेत आहे. वेगाचा घन काढून त्याला ०.८ आणि १४ यांच्या गुणाकाराने भागले, की उत्तर सुमारे १५.३ मीटर येते. मानकातील १५ मीटरचा आकडा या हिशेबाशी जुळतो.

आता त्याच वळणावर वेग दुप्पट झाला असे समजू. त्वरण वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ते चौपट होते आणि गुरुत्वत्वरणाच्या ९० टक्क्यांवर जाते. बाहेरच्या उंच कडेची १० टक्क्यांची मदत वजा केली तरी ८० टक्के घर्षणाने पुरवावे लागतात. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची ती जवळजवळ परिसीमा आहे. ओल्या रस्त्यावर ते मिळतच नाही. उंच बांधणीची, माणसांनी वा सामानाने भरलेली गाडी घसरण्याआधीच कलंडू शकते. धक्क्याची तीव्रता तर वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे दुप्पट वेगाला आठपट. 'वळणावर वाहने सावकाश हाका' या फलकामागे हा वर्ग आणि घन उभा असतो.

चढ-उताराच्या दिशेनेही हेच तत्त्व लागू पडते. चढ संपून उतार सुरू होतो तेथे कोन ठेवला, तर वाहन उसळते आणि पलीकडचे काही दिसत नाही. म्हणून दोन्ही उतार अन्वस्ताच्या तुकड्याने जोडतात. अन्वस्तात उतार समान गतीने बदलतो. वेगात खिंड ओलांडताना पोटात गोळा येतो, तेव्हा या उभ्या वक्राची वक्रता त्या वेगाला जास्त झालेली असते.

थांबून वळणे

मार्ग गुळगुळीत असणे आणि गती गुळगुळीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचे उत्तम उदाहरण सह्याद्रीत होते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर खंडाळ्याजवळ 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. वळण घेण्यास जागा नसल्याने गाडी एका मार्गाने टोकापर्यंत जाई, तेथे थांबे, आणि उलट दिशेने दुसऱ्या मार्गाने चढू लागे. थळघाटातही तशीच व्यवस्था होती. पुढे नवे बोगदे झाल्यावर दोन्ही रद्द झाल्या. या मार्गाला टोक होते, परंतु टोकाशी गाडीचा वेग शून्य होत असल्याने प्रवाशांना धक्का बसत नसे.

गणितात याचे प्रतिरूप चक्रज या वक्रात आढळते. सरळ रस्त्यावर घरंगळणाऱ्या चाकाच्या परिघावरील एक बिंदू जो मार्ग आखतो, तो चक्रज. तो बिंदू जमिनीला टेकतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, आणि नेमके तेथेच मार्गाला टोक येते. गुळगुळीत वक्राच्या व्याख्येत 'अवकलज शून्य होता कामा नये' ही अट घालावी लागते, ती यासाठी.

पायऱ्यांचा चकवा

डोळ्याला गुळगुळीत दिसणे आणि तसे असणे यांतील अंतर पायऱ्यांच्या उदाहरणाने उघड होते. समजा, ४० मीटर आडवे आणि ३० मीटर उभे अंतर चढायचे आहे. सरळ उतरण बांधली तर तिची लांबी ५० मीटर होईल. पायऱ्या बांधल्या तर त्यांच्या कडेवरून मोजलेली लांबी ७० मीटर भरेल. पायऱ्या दुप्पट करून प्रत्येकीचा आकार निम्मा केला तरी आडवे तुकडे मिळून ४० आणि उभे तुकडे मिळून ३० मीटरच राहतात. लक्षावधी पायऱ्या केल्या, तर दुरून ती सरळ उतरण दिसेल, पण लांबी ७० मीटरच राहील.

कारण साधे आहे. पायऱ्यांची कड उतरणीच्या कितीही जवळ आली, तरी तिचा रोख उतरणीच्या रोखाजवळ येत नाही. तो कायम आडवा किंवा उभाच असतो. लांबी ठरते ती रोखावरून. संगणकाच्या पडद्यावर तिरकी रेषा बारीक चौकोनांनी काढली जाते, तेव्हाही हाच प्रकार घडतो.

नदीचे वळण

वळणाचे पाणी वळणानेच जाते, असे मराठीत म्हणतात. सपाट गाळाच्या प्रदेशातील नद्यांच्या वळणांना एक ठरावीक डौल का असतो, याचा अभ्यास अमेरिकेतील वॉल्टर लँगबाइन आणि लूना लिओपोल्ड यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवाहाबरोबर अंतर कापत गेल्यास नदीचा रोख ज्या-वक्राप्रमाणे डावी-उजवीकडे झुलतो, असे त्यांनी दाखवले. अशा वक्रात वळण्याचे काम संपूर्ण लांबीवर सारखे वाटले जाते. एकाच ठिकाणी तीव्र वळण येत नाही. पोलादाची पातळ पट्टी दोन्ही टोकांनी दाबली असता ती साधारण याच आकारात वाकते.

अर्थात नदीला गाळ सर्वत्र मिळत नाही. पैनगंगेचा पुष्कळसा प्रवास बेसाल्टच्या मुलखातून होतो. तेथे खडकातील भेगा प्रवाहाची दिशा ठरवतात आणि वळणे कोनदार होतात. किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्यावर तर पात्राचा उतारच तुटतो.

अक्षर, मोटार आणि तांब्याचे भांडे

संगणकावरील अक्षरांच्या कडा हे वक्रांचे दैनंदिन उदाहरण आहे. क, ळ किंवा श यांची गोलाई अनेक छोट्या वक्रांचे तुकडे जोडून साधलेली असते. हे तुकडे मोजक्या नियंत्रक बिंदूंनी ठरतात. ही पद्धत फ्रान्समधील मोटार कारखान्यांत जन्मली. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ती स्वतंत्रपणे विकसित केली. विंडोजमुळे घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला. बोरूच्या एका फटक्यात येणारे वळण तेथे तुकड्यांच्या सांध्यांतून उभे करावे लागते. सांध्यावर स्पर्शिका जुळली नाही तर कोपरा दिसतो. ती जुळूनही वक्रता फार वेगळी असली, तर सरावलेल्या डोळ्याला तेथे गाठ जाणवते.

मोटारीच्या पत्र्यावर हा दोष अधिक उठून दिसतो. चकचकीत पृष्ठावरील प्रतिबिंब पृष्ठाच्या रोखावर अवलंबून असते. त्यामुळे सांध्यावर रोख जुळला, पण वक्रता जुळली नाही, तर प्रतिबिंबात दिसणाऱ्या दिव्याच्या रेषेला तेथे कोन पडतो. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम नेमके याच्या उलट जाते. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने भांड्यावर छोटा चकाकता ठसा उमटतो आणि प्रतिबिंब शेकडो ठिपक्यांत विखुरते. तेथे गुळगुळीतपणा मोडण्यातच शोभा असते.

आलेखांचा गुळगुळीतपणा

वृत्तपत्रांतील आलेखही गुळगुळीत करून छापले जातात. शेअर बाजाराच्या निर्देशांकाची रेषा स्वभावतः दातेरी असते. १९०० मध्ये लुई बाशेलिए यांनी पॅरिसच्या बाजारातील भावांसाठी जे यादृच्छिक गणिती प्रारूप मांडले, त्यातील वक्र वायरस्ट्रास यांच्या वक्राप्रमाणेच कोठेही स्पर्शिका नसलेले असतात, हे पुढे सिद्ध झाले. अशा रेषेवर दोनशे दिवसांची चल सरासरी काढली की एक शांत रेषा मिळते. कल समजण्यास ती उपयुक्त असते. पण एका दिवसातील कोसळणे तिच्यात जवळजवळ दिसत नाही. नदीच्या पाणीपातळीची पंधरवड्याची सरासरीही अशीच शांत दिसते. एका रात्रीत येऊन गेलेला पूर तिच्यात हरवू शकतो.

मोजक्या बिंदूंमधून जाणारा गुळगुळीत वक्र काढणेही धोक्याचे ठरू शकते. समान अंतरावरील बिंदूंतून जाणारी मोठ्या घातांकाची बहुपदी कडेला प्रचंड हेलकावे घेऊ शकते, हे कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवले. असा वक्र सर्व प्रतींनी गुळगुळीत असतो, तरीही तो मूळ माहितीशी प्रामाणिक नसतो. त्यावर उपाय म्हणून छोटे घन वक्र जोडण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला 'स्प्लाइन' म्हणतात. जहाजबांधणीत आराखडे काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लवचीक लाकडी पट्टीवरून हे नाव आले. त्यात वक्रतेपर्यंतचा गुळगुळीतपणा राखला जातो आणि त्यापलीकडचा सोडून दिला जातो.

किती गुळगुळीत पुरे?

या प्रश्नाला सर्वत्र लागू पडणारे एक उत्तर नाही. पायी चढणाऱ्याला अखंडता पुरते. म्हणून देवस्थानांच्या पायऱ्या शतकानुशतके काम देत आल्या आहेत. बैलगाडीला दिशेचा गुळगुळीतपणा पुरत असे. वेगाने जाणाऱ्या बसला वक्रतेचा गुळगुळीतपणा लागतो, आणि त्याहून वेगवान रेल्वेला वक्रतेच्या बदलाचाही विचार करावा लागतो. वेग जसा वाढतो, तशी गुळगुळीतपणाची प्रत वाढवावी लागते. रस्त्याची प्रत मात्र तो बांधला जातो त्या वेळीच ठरते. ती नंतर प्रवाशाला बदलता येत नाही. चालकाच्या हाती उरतो तो केवळ वेग.